वाडीचा लाइनमन

बापूरावला लाइनमनच्या शिबिराला पाठवलं ते तो रिकामा होता म्हणून; दुसरं काही कारण नव्हतं. जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळानं त्या वर्षी नियम काढला, की प्रत्येक संघानं आपला एक माणूस शिकवून तयार ठेवायचा. सामन्यात मैदानाच्या एका बाजूला तो झेंडा घेऊन पळणार, दुसऱ्या बाजूला समोरच्या संघाचा माणूस. तसा माणूस नसेल तर संघ बाद. वाडीच्या भैरवनाथ मंडळात खेळायला बावीस पोरं होती, पण दोन दिवस खडकीला जाऊन वर्गात बसायला एक तयार नव्हतं. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष संभाजी देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "बापूतात्यांना धाडा की. नायतरी दुपारचं बांधावर बसून कंपनीच्या बसा मोजत्यात." सगळे हसले, आणि काम झालं.

बापूराव बसा मोजत नसे. पण बांधावर बसे, हे खरं. त्याची साडेतीन एकर जमीन हिंजवडीच्या आयटी पार्कच्या दुसऱ्या फेजमध्ये गेली होती. जिथं त्याचा इंद्रायणी भात उभा राहायचा तिथं आता काचेची इमारत होती आणि तिच्यासमोर कापलेल्या गवताचा हिरवा चौकोन, ज्यावर पाऊल टाकायचं नाही अशी पाटी. उरले होते ओढ्याकाठचे अकरा गुंठे आणि दोन म्हशी. पहाटे धार काढायची, सायकलला कॅन लटकवून हॉस्टेलच्या मेसला दूध घालायचं, घास कापून म्हशींपुढं टाकायचा. साडेनऊला माणूस मोकळा. ज्याला चाळीस वर्षं दुपार अशी कधी मिळालीच नव्हती, त्याला ती आता खायला उठायची. बायको द्वारका संभाजीच्या कंत्राटावर कंपनीत फरश्या पुसायला जाई. पोरगा जयसिंग वीस वर्षांचा, संघाचा पुढचा गडी. तो मैदानावर, नाहीतर मोबाईलच्या दुकानात. घरात बापूराव, म्हशी, आणि पत्र्यावर चालणारे कावळे.

शिबिर घेणारे अँथनी सर खडकीचेच, फौजेतून निवृत्त झालेले. गुडघा दुखत असला तरी ताठ उभे राहायचे. वर्गात तीस जण होते, त्यातले अठ्ठावीस पेंगत होते. सरांनी फळ्यावर खडूचे गोळे काढले आणि ऑफसाइड समजावला. आपल्या गड्यानं बॉल पुढं दिला त्या क्षणाला आपला दुसरा गडी शेवटच्या बचाववाल्याच्या पुढं उभा असला, तर झेंडा वर. पण बॉल बाहेर गेल्यावर हातानं आत फेकतात, तो थ्रो. थ्रोवरून बॉल थेट आला, तर कितीही पुढं उभे राहा, ऑफसाइड नाही.

बापूरावनं हात वर केला. शाळा सुटल्यापासून त्यानं पहिल्यांदाच हात वर केला असेल.

"सर, फेकलेला बॉल मधी आपल्याच गड्याच्या डोक्याला लागून पुढं गेला तर?"

अँथनी सर थांबले. "नाव काय तुमचं?"

"बापूराव."

"बापूराव, हा प्रश्न मला पंधरा वर्षांत दोघांनी विचारला. मध्ये लागला, तर थ्रो संपला. मग ऑफसाइड आहे. केसाला जरी लागला तरी."

लेखी परीक्षेत बापूराव दुसरा आला. फोटोचं कार्ड मिळालं. ते त्यानं द्वारकाला दाखवलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. "आता लाईट गेली की तुम्हालाच खांबावर चढवत्याल," ती म्हणाली. पण कार्ड तिनं पीठ झटकून दोन्ही हातांनी धरलं.

त्या हिवाळ्यात बापूराव सुखी होता, हे सांगून टाकलेलं बरं. दुपारी तो ओढ्याकाठच्या बांधावरून आडवा पळायचा सराव करी, तोंड शेताकडं, पाय बाजूला. हातात द्वारकाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याचा झेंडा. रस्त्यानं जाणारी कंपनीची पोरं बसच्या खिडकीतून बघत. म्हशीसुद्धा पहिले दोन दिवस बघत राहिल्या. नांगर धरलेला माणूस तो. सरळ रेष कुठं मोडते ते त्याच्या डोळ्याला आपोआप कळायचं. आपल्याला एखादी गोष्ट अचूक येते, आणि ती कुणाला तरी लागते, हे त्याला फार दिवसांनी वाटलं होतं.

आठ संघांची ती फेरी होती. वर राहील तो एक संघ राज्याच्या पात्रता स्पर्धेला, आणि राज्यातून दोन संघ देशाच्या चषकाला. देशाचं कुणी मनात आणत नव्हतं, पण राज्याचं आणत होते. कारण राज्याला खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की खडकीच्या कारखान्यात खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येई. त्या वर्षी जागा निघाल्या होत्या. जयसिंग बारावीला दोनदा बसला होता आणि दोनदा उठला होता. काचेच्या इमारतींत त्याला फाटकावर उभं राहण्यापलीकडं काही मिळणार नव्हतं, तेही संभाजीच्या शब्दानं.

सहा सामने झाले. बापूराव सगळ्यांना पळाला. झेंड्यावरून कुठं काही अडलं नाही, त्यामुळं वाडीतल्या कुणालाच त्याला काही सांगायची गरज वाटली नाही. आपल्या संघाचा लाइनमन कशासाठी असतो, हे काय सांगायचं असतं? पंगतीत वाढणारा आपला असला की पानात काय जास्त पडतं, ते कुणी त्याला शिकवत नाही. सगळ्यांनी धरून चालवलं की बापूतात्यांना ठाऊक असणार. आणि बापूरावनं धरून चालवलं की अँथनी सरांनी सांगितलं तेच काम आहे.

शेवटचा सामना खडकीच्या एका जुन्या संघाशी, त्यांच्याच भागातल्या मैदानावर. खडकीवाले एका गुणानं पुढं होते. त्यांना बरोबरी पुरेशी होती, वाडीला जिंकावंच लागणार होतं. दोन टेम्पो भरून माणसं गेली. द्वारकानं सुट्टी मागितली, संभाजीनं हसत दिली. फेब्रुवारीचं ऊन, मैदानात गवत कमी आणि मुरूम जास्त. पोरांचे गुडघे सोलून निघाले. ऐंशी मिनिटं झाली तरी शून्य-शून्य.

मग बापूरावच्या समोरूनच बॉल बाहेर गेला. थ्रो वाडीचा. भैरूनं बॉल डोक्यामागं नेला आणि अंगातला सगळा जोर लावून आत फेकला. मध्ये वाडीचाच साई उडाला. बॉल त्याच्या केसांना चाटला, किंचित वळला आणि मागं जयसिंगकडं गेला. जयसिंग शेवटच्या बचाववाल्याच्या दोन पावलं पुढं होता. त्यानं बॉल छातीनं खाली घेतला आणि मारला. जाळं हललं.

बापूरावचा हात तोवर वर गेलेला होता. त्यानं वर केला असं म्हणता येणार नाही, तो गेला. टेम्पोवर चढून नाचणाऱ्या माणसांना आधी झेंडा दिसलाच नाही. पंच लांब होता, साईची पाठ त्याच्याकडं होती. त्यानं झेंडा बघितला आणि शिट्टी मारली. गोल नाही.

नाचणारी माणसं एकेक करून थांबली. जयसिंग वळला आणि बापाकडं बघत राहिला. त्याचे दोन्ही हात अजून वर होते.

सामना शून्य-शून्य सुटला. माणसं परत निघत होती तेव्हा खडकीचा कप्तान, चाळिशीकडं झुकलेला गडी, रेषेपाशी आला आणि बापूरावचा हात धरून म्हणाला, "चाचा, सही झेंडा दिला." त्या दिवशी त्याच्याशी बोललेला तो एकटाच माणूस. वाडीचे दोन्ही टेम्पो तोवर निघून गेले होते. एकात द्वारका होती. तिला वाटलं, नवरा दुसऱ्यात असेल. बापूराव शिवाजीनगरला चालत आला, तिथून बसनं हिंजवडीला, आणि पुढं पुन्हा चालत.

वाडीनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी काही बोललंच नाही. सकाळी दूध घालून येताना देवळापाशी बसलेली माणसं त्याला बघून बिड्या पेटवायला खाली वाकायची. न्हाव्याच्या दुकानात तो गेला की नंबर नेमका संपलेला असायचा. बापूरावनं दोन आठवडे दाढी केली नाही. सामन्यानंतर चौथ्या दिवशी साफसफाईवाल्या बायकांचा टेम्पो द्वारकापुढून न थांबता गेला. ती हात वर करून उभी होती, डबा काखेत. आतल्या बायकांनी मान वळवली. ती चार किलोमीटर चालत गेली, उशीर झाला म्हणून मुकादमाचं ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी चालत आली. पाय गरम पाण्यात सोडून बसली तेव्हा म्हणाली, "मला उतरवलं न्हाय, टाकलं न्हाय. निस्तं थांबली न्हायत. त्याला काय म्हणायचं?"

बापूराव गोठ्यात गेला. म्हशीच्या अंगावरच्या गोचड्या काढत बराच वेळ बसला. जनावराला निदान काढलेली गोचीड कळते.

जयसिंग घरात जेवायचा, पण ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायचा. बापाशी तो कधीच फार बोलत नव्हता. आता अजिबात बोलत नव्हता. द्वारका दोघांच्या मधोमध उंबऱ्यात बसून भाकरी वाढायची, एक आत, एक बाहेर.

दहाव्या दिवशी संभाजी स्वतः आला. बुलेट बाहेर लावली, चप्पल काढून आत आला, द्वारकाला "काकी, चहा टाका" म्हणाला. संभाजी वाईट माणूस नव्हता. गावातल्या साठ घरांच्या चुली त्याच्या शब्दावर पेटत होत्या, आणि ते ओझं त्याला आवडायचं. खिशातून त्यानं टाईप केलेला कागद काढला.

"तात्या, वकिलाला दावून आणलाय. पंचाची नजर चुकली, तर तक्रार चालत न्हाय. पर नियमच चुकीचा लावला असंल, तर सामना पुन्हा घ्यावा लागतो. पुस्तकात हाय तसं."

"म्या कुठं चुकीचा लावला?"

"ऐका तर. ह्यात लिव्हलंय, की बॉल थ्रोवरून थेट जयसिंगकडं आला. आन् थ्रोवर ऑफसाइड नसतो ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती. बास. खाली सही."

बापूराव कागदाकडं बघत राहिला. "साईच्या डोक्याला लागला हुता."

"साई म्हणतो न्हाय लागला. लिहून दिलंय त्यानं."

"संभा, मला ठाऊक नव्हतं असं लिव्हायचं? मला?"

संभाजी हसला. खरोखर प्रेमानं हसला. "तात्या, तुम्ही शेतकरी माणूस. तुम्हाला ठाऊक नसलं तर कोण हसणार हाय? उलट बरं वाटंल समद्यांना. चूक झाली म्हणलं की गाव पोटात घालतं." तो उठला. "पोराच्या अर्जाची तारीख जवळ आलीय. उद्या सकाळी माणूस धाडतो कागदाला."

बुलेट गेल्यावर द्वारका कप उचलायला आली आणि तिथंच बसली. "मी काय सांगत न्हाय तुम्हाला," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्या टाचा फुटल्या. त्याचं काय न्हाय. पर पोरगं फाटकावर उभं राहणार जलमभर, सलाम ठोकत. त्याच्याच रानात बांधलेल्या फाटकावर." तिला रडू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "म्हणा ना, न्हवतं ठाऊक. काय झिजतं?"

जे झिजतं ते बापूरावला सांगता आलं नाही. साडेतीन एकर गेली तेव्हा गावातल्या सगळ्यांचीच गेली होती. त्यात लाज नव्हती. पण आता जाणार होतं ते एकट्याचं होतं.

संध्याकाळी जयसिंग ओट्यावर बूट घासत बसला होता. बापूराव बाहेर आला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला. समोर कंपन्यांचे दिवे एकेक करून लागत होते.

"जयसिंग, एकच इचारतो. तू मागं हुतास, तुला दिसलं असणार. साईच्या डोक्याला बॉल लागला का न्हाय?"

जयसिंग ब्रश चालवत राहिला. बुटाचं टोक लख्ख झालं तरी तिथंच घासत राहिला.

"तू न्हाय म्हण," बापूराव म्हणाला, "म्या सही करतो. तुझ्या शब्दावर करतो."

"नाय लागला, अण्णा," जयसिंग म्हणाला. वर न बघता.

"बरं," बापूराव म्हणाला, आणि आत जाऊन पेन शोधू लागला.

सहीचा कागद गेला तरी जिल्ह्याच्या मंडळाला ते तोंडी ऐकायचं होतं. आठवड्यानं संभाजीनं त्याला गाडीत घालून खडकीला नेलं. एका शाळेच्या खोलीत टेबलामागं तीन माणसं होती, कडेच्या खुर्चीवर अँथनी सर. खडकीचा कप्तान भिंतीला टेकून उभा होता. मधल्या माणसानं कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "हे खरं आहे का?"

"व्हय."

"मी एक विचारतो," अँथनी सर म्हणाले. ते उठले नाहीत, पण पाठ ताठ झाली. "बापूराव, थ्रोवर ऑफसाइड नसतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

संभाजी पायानं फरशी हळूहळू ठोकत होता. बापूरावनं सरांच्या बुटांकडं बघितलं.

"न्हाय, सर. ठाऊक नव्हतं."

अँथनी सरांनी संभाजीकडं बघितलं, मग पुन्हा बापूरावकडं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांनी लपवलं नाही. ते बापूरावला शिवीपेक्षा जड गेलं. "मग मी नीट शिकवलं नसेल," ते म्हणाले. "कार्ड इथं ठेवून जा."

बापूरावनं कार्ड ठेवलं. बाहेर पडताना खडकीच्या कप्तानानं त्याच्याकडं बघितलं नाही. आधीच्या वेळी ज्या हातानं हात धरला होता, तो त्यानं खिशात घातला होता.

संभाजी मात्र वाटेत थांबून मिसळ खिलवायला विसरला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो द्वारकापुढं थांबला. बायकांनी सरकून तिला खिडकीची जागा दिली. न्हाव्यानं बापूरावला हाक मारून खुर्चीत बसवलं, आणि गालाला साबण लावता लावता म्हणाला, "तात्या, आपल्याला इंग्रजी खेळातलं काय कळतंय म्हणा." दुकानातले सगळे हसले. बापूरावही हसला. वस्तरा गळ्याशी होता, म्हणून बेतानं. गावानं त्याला परत घेतलं होतं, येडं म्हणून घेतलं होतं.

मंडळानं तक्रार मान्य केली आणि रविवारी पुन्हा सामना ठेवला. लाइनमन म्हणून भैरूच्या चुलत्याला घाईघाईनं शिकवून आणलं होतं, आणि या वेळी त्याला सगळं सांगितलं होतं. बापूरावला कुणी येऊ नका म्हणालं नाही. "तात्या, तुम्ही कशाला उन्हात," एवढंच म्हणाले. द्वारका गेली. जयसिंग जाताना पाया पडला नाही; विसरला की टाळलं, ते बापूरावला कळलं नाही. टेम्पो वळणाआड गेला आणि वाडी रिकामी झाली.

त्यानं घास कापला. गरजेपेक्षा दोन भारे जास्त कापला. म्हशींना ओढ्यावर नेलं, घासून काढलं, परत आणलं. दुपार उतरत नव्हती. एकदा बांधावर उभा असताना त्याचे पाय आपोआप आडवे पडू लागले. त्यानं ते थांबवले आणि घरी आला.

दिवस मावळायच्या आत फटाके वाजले. मग ढोल. दोन-शून्य, पोरं ओरडत येत होती. दोन्ही गोल जयसिंगचे. रस्ताभर गुलाल, हिंजवडीच्या बसा मागं खोळंबलेल्या, आणि भैरूच्या खांद्यावर जयसिंग, डोक्यापासून पायापर्यंत लाल. द्वारका मिरवणुकीच्या पुढं पळत आली, आरतीचं ताट करायला. बापूराव दारात उभा राहिला. माणसं त्याच्याकडं बघून हसत होती, एकानं त्याच्याही कपाळाला गुलाल फासला.

मिरवणूक घरापुढं थांबली. जयसिंग खांद्यावरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत दारात आला. वाकला. बापाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उचललंच नाही. ढोल जोरात चालू होता. बापूराव त्याला उठवायला वाकला, तेव्हा पोराचं तोंड त्याच्या कानाशी आलं.

"अण्णा, लागला हुता. साईच्या डोक्याला. म्या बघितला हुता."

बापूरावनं त्याला दंडाला धरून उभं केलं. पोराच्या डोळ्यांतल्या पाण्यानं गुलालाचे ओघळ झाले होते. लांबून बघणाऱ्याला घामच वाटला असता.

"ठाऊक हाय मला," बापूराव म्हणाला. "तू न्हाय म्हणालास तवाबी ठाऊक हुतं. जा. थांबलेत समदे."

भैरूनं मागून जयसिंगला उचललं. खांद्यावर बसवल्यावर त्यानं एकदा वळून बघितलं, मग ढोलांनी त्याला पुढं नेलं. द्वारका ताट घेऊन बाहेर आली तोवर मिरवणूक पुढच्या घरापाशी पोचली होती.

"एवढा वेळ काय सांगत हुता कानात?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," बापूराव म्हणाला. "पाया पडला." आणि धारेची वेळ टळत होती म्हणून तो गोठ्याकडं गेला.